पागेखालचं टाकं

लेकीने तीनदा बोलावलं आणि तीनही वेळा तिने काही ना काही निमित्त काढलं. एकदा गुडघा, एकदा डोळ्यांचा डॉक्टर, एकदा नुसतंच "आज नको गं." चौथ्या वेळी मात्र लेक हटून बसली.

"उद्या उद्घाटन, आई. पाहुण्यांच्या गर्दीत तुला धड फिरताही येणार नाही. आजच चल. तू चोवीस वर्षं तिथे नोकरी केलीस, मी दीड वर्ष तिथे हाडं झिजवली. दोघींनी मिळून एकदा बघायला नको?"

सकाळी दहाच्या सुमारास मायलेकी फाटकातून आत शिरल्या.

लेक या कामावरची मुख्य इंजिनिअर. आईला या इमारतीत कुणी नावाने ओळखलंच नव्हतं. बायकांच्या वॉर्डात ती मदतनीस होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून रुग्णांनी तिला चावीबाई करून टाकलं. पुढे डॉक्टरसुद्धा तेच म्हणू लागले. नाव उरलं ते पगाराच्या पावतीपुरतं.

इमारत मुळात घोडदळाची पागा. काळा दगड, हातभर जाडीच्या भिंती, मधे लांबलचक उघडा चौक आणि दोन्ही बाजूंना घोडे बांधायच्या कमानी. घोडे गेले, मग तिथे मनोरुग्णालय आलं. कमानींना गज बसले, चौकावर छप्पर चढलं आणि त्याचं जेवणघर झालं. रुग्णालय गावाबाहेर गेल्यावर शिक्षकांचं कॉलेज आलं. त्यांनी जेवणघराचं सभागृह केलं, पलीकडच्या टोकाचा दरवाजा चिणून तिथे व्यासपीठ बांधलं, खाली रंगीत फरशी घातली. कॉलेज बंद पडल्यावर दहा वर्षं सरकारी कागद कोंबून ठेवले होते. आता ग्रंथालय होणार होतं. जो आला त्याने आधीच्याचं पुसलं नाही, त्याच्यावर आपलं चढवलं.

लेक हौसेने एकेक खोली दाखवत होती आणि चावीबाईलाही हळूहळू मजा वाटू लागली होती.

"इथे आमची मेट्रन बसायची," ती एका दारापाशी थांबून म्हणाली. "तिच्या खुर्चीलासुद्धा तिची धास्ती होती. ती उठली की खुर्ची हुश्श करायची."

लेक खळखळून हसली. "आता इथे लहान मुलांची पुस्तकं आहेत."

"बरं झालं. खोलीला जरा बरे दिवस आले."

मग लेकीने मोठ्या दालनाचं दार ढकललं आणि चावीबाई उंबऱ्यावरच थांबली.

दालनाच्या मधोमध लोखंडी रॅक उभे होते. माणसाच्या दीडपट उंच, एकाला एक लागून दोन रांगा. पहिले पाच-सहा पुस्तकांनी ठासून भरले होते. हमाल हातगाडीवरून खोकी आणत होते, दोघंजण खोकी फोडून पुस्तकं लावत होते. पार पलीकडे व्यासपीठावर दोन रंगारी मशीनने लाकूड घासत होते, त्याची घरघर सगळ्या दालनात भरून राहिली होती.

"रॅक मधे?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तू तर म्हणाली होतीस, मधे टेबलं येणार."

"होती ना. पण वाचणाऱ्यांना उजेड हवा. म्हणून गेल्या आठवड्यात बदललं. टेबलं खिडक्यांशी, पुस्तकं मधे. छान दिसतंय की नाही?"

"छान आहे," चावीबाई म्हणाली. "जरा बाहेर बसते. धुळीने घशाला कोरड पडली."

ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या कमानीपासून पाचव्या कमानीपर्यंत. डोळे मिटूनही तिला जागा सांगता आली असती. त्या फरशीखाली टाकं होतं. पागेतल्या घोड्यांना पाणी पाजायला खोदलेलं, दोन पुरुष खोल. रुग्णालयाच्या काळात त्याच्यावर फळ्यांचं झाकण होतं, झाकणाला कुलूप आणि कुलपाची किल्ली तिच्या जुडग्यात.

दीड वर्ष लेक रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसायची. त्यात टाकं नव्हतंच. त्या जागी कोरा चौकोन होता आणि कागद गुंडाळू नये म्हणून चावीबाई स्वतःच त्यावर चहाचा कप ठेवायची. टेबलं तर येणार, चार माणसं बसून वाचणार, त्याने काय होतंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. बोललं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं.

आताही मन तेच म्हणत होतं. एवढी शिकलेली माणसं आहेत, तपासलं असेल. चौतीस वर्षं टिकलं, आजच काय होतंय? घरी जा, गोळी घे, पडून राहा.

आतून हातगाडीचा खडखडाट आला. भरलेली गाडी मधल्या भागावर गेली तसा आवाज बदलला. पोकळ डब्यावर बोट वाजवावं तसा. आणखी कुणाला कळलंही नसेल. तिला कळलं. ती उठली आणि सरळ आत गेली.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

घासण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ती हातगाडीपुढे जाऊन उभी राहिली. "थांबवा म्हणते ना! खाली पोकळ आहे."

हमाल थांबले. ठेकेदार कानाचा फोन काढून पुढे आला. गोरटेला, घामाघूम, उद्याच्या काळजीने आधीच अर्धा झालेला माणूस. "काय झालं, आजी?"

"इथे टाकं आहे. पागेच्या वेळचं."

ठेकेदाराने तिच्या लेकीकडे पाहिलं. लेक धावतच आली होती. "आई, काहीतरी काय? चारही कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघितलंय आम्ही. खाली अखंड खडक आहे."

"कोपऱ्यांत खडकच आहे. मधे बघितलंत?"

मधे नव्हतं बघितलं. कॉलेजची जुनी फरशी मधे फोडायची नाही असं ठरलं होतं आणि त्या कागदावर सही लेकीचीच होती.

"अहो आजी," ठेकेदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "दहा वर्षं इथे सरकारी गठ्ठे होते. ते काय हवेत तरंगत होते?"

उत्तर मागून आलं. हमालांचा मुकादम बोलला, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. "गठ्ठे भिंतीकडेने होते, साहेब. मीच काढलेत. मधे कारकुनांची टेबलं होती."

लेकीने आईचा दंड धरून तिला थोडं बाजूला घेतलं. तिचा आवाज दबका होता आणि त्यात धार होती. "तुला नक्की आठवतंय? घोळ होत नाहीये ना? कारण आत्ता मी काम थांबवलं तर उद्याचं सगळं कोलमडतं. आणि टाकं असेल तर दीड वर्ष तू काय करत होतीस? माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस, आई!"

"हो."

"मग का नाही बोललीस?"

चावीबाईने एकदा ओठ ओले केले. ठेकेदार, मुकादम, हमाल, सगळे बघत होते. बघोत. अर्धवट सांगून कुणी ऐकणार नव्हतं.

"त्यात एक बाई गेली," ती म्हणाली. "वॉर्डातली. शिवणकाम छान करायची, आम्ही तिला शिंपीणबाई म्हणायचो. बरी झाली होती ती, घरी सोडायचंच बाकी होतं. त्या दुपारी मी पाणी काढायला झाकण उघडलं. तेवढ्यात फाटकावरून निरोप आला, लेक तापाने फणफणलीय, डोळे फिरवतेय. मी तशीच पळाले. झाकण उघडं, कुलूप कडीला लटकलेलं. परत आले तेव्हा तिला बाहेर काढून ठेवलं होतं."

व्यासपीठावरची मशीन घरघरतच होती.

"वरिष्ठांनी नोंद केली, झोपेत हृदय बंद पडलं. माझी नोकरी वाचली, त्यांचीही वाचली. दोन दिवसांत टाकं बुजवायचा हुकूम आला. बुजवायला माती कोण आणणार? मोडक्या खाटांचे लोखंडी सांगाडे आडवे टाकले, वर पत्रे, पत्र्यांवर चार बोटं काँक्रीट. ते सांगाडे वाहून आणणाऱ्यांत मी होते. गंजून त्यांचं आता काय राहिलं असेल, तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेले आहात."

लेकीने एकदा आईकडे पाहिलं. मग वळली आणि तिचा आवाज एकदम इंजिनिअरचा झाला. "सगळे बाहेर. खोकी आहेत तिथेच ठेवा. पळू नका, चालत जा. एकेकाने."

"मॅडम, उद्या..." ठेकेदार सुरू झाला.

मुकादमाने कोपऱ्यातली पहार उचलली होती. त्याने दाराजवळच्या फरशीवर ती ठोकली. ठक्क. दोन पावलं पुढे, ठक्क. रॅकच्या पायाशी गेला आणि अगदी हलक्या हाताने टेकवली. आवाज खाली उतरत गेला आणि खालून कुणीतरी हुंकार द्यावा तसा परत आला. ठेकेदाराने पुढचं वाक्य गिळलं आणि सगळ्यांत आधी तोच दाराकडे निघाला.

हमाल बाहेर पडले. पुस्तकं लावणारे दोघं बाहेर पडले. राहिले ते व्यासपीठावरचे दोन रंगारी. कानांत कापसाचे बोळे, पाठ इकडे. मुकादमाने हाका मारल्या, हात हलवले, काही उपयोग नाही. "मी आणतो," म्हणत तो भिंतीकडेने पलीकडे गेला आणि त्याने मशीनची वायर उपटली.

एकदम शांतता पसरली. त्या शांततेत सगळ्यांनी तो आवाज ऐकला. आधी कुरकुर, मग जुनं कापड फाटावं तसा लांबलचक. भरलेल्या रॅकांपैकी एक बोटभर कलला. फरशीवर डाव्या भिंतीच्या बाजूला एक केसाएवढी रेघ उठली आणि बघता बघता दोन कमानींइतकी लांबली.

मुकादम ज्या वाटेने गेला होता ती वाट त्या रेघेने कापली होती. पलीकडे बाहेर पडायला दार नव्हतं, ते कॉलेजवाल्यांनी चिणलेलं. खिडक्यांना रुग्णालयाचे गज. तिघं माणसं व्यासपीठावर उभी आणि दार पन्नास पावलांवर.

"कुणी हलू नका तिथून!" लेक ओरडली आणि फोन कानाला लावून बोलू लागली. गज कापायचं यंत्र, अग्निशमन दल, किती वेळ लागेल, नाही, तेवढा वेळ नाही.

आणखी एक पुस्तकांचा रॅक कलला. वरच्या फळीतली चार पुस्तकं घसरली आणि फरशीवर आपटली. प्रत्येक पुस्तकासरशी दारातली माणसं एकेक पाऊल मागे सरत होती. व्यासपीठही पायाखाली थरथरतंय, असं धाकटा रंगारी रडवेल्या आवाजात सांगत होता.

"माझ्या उजवीकडून या," चावीबाई मोठ्याने म्हणाली. "खिडक्यांच्या बाजूने. तिथे घोड्यांची पाणी प्यायची दगडी डोणी होती, ती खडकावर बसवलेली. टाकं तिथवर येत नाही. भिंतीपासून हातभर पक्की जमीन आहे."

मुकादमाने त्या बाजूला पाहिलं. मग तिच्याकडे. "खात्री आहे का, बाई?"

काय सांगणार? चौतीस वर्षांपूर्वीची खात्री. तीच बाई, जिने दीड वर्ष तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याने विश्वास का ठेवावा?

तिने चपला काढल्या. लेकीला कळेपर्यंत ती उंबरा ओलांडून आत गेली होती.

"आई!"

"तू मागे येऊ नकोस. तुझं वजन जास्त आहे," चावीबाई म्हणाली. ऐन वेळी तिच्या तोंडून ते का निघालं ते तिलाही कळलं नाही.

पाठ भिंतीला लावून ती आडवी सरकू लागली. पहिली कमान. दुसरी. गजांचं लोखंड पाठीला टोचत होतं. तिसऱ्या कमानीशी पायाखालची फरशी गार होती, घट्ट होती. हातभर पुढे मात्र फरशीचे तुकडे एकमेकांवर चढले होते आणि फटीतून ओलसर, कोंदट वास वर येत होता. तो वास तिने ओळखला. चौथ्या कमानीशी ती क्षणभर थांबली, डोळे मिटले, गज घट्ट धरला. मग सरकत राहिली. पाचवी. सहावी. व्यासपीठापाशी पोचून तिने मुकादमाकडे हात केला.

"बघितलंत ना? आता या. आधी तो पोरगेलासा. त्याला माझ्यामागे द्या."

धाकट्या रंगाऱ्याचा हात धरून ती परत निघाली. मागे थोरला रंगारी, शेवटी मुकादम. वॉर्डात बिथरलेल्या बायकांना जशी ती बोलत न्यायची, तशीच बोलत राहिली. "खाली बघायचं नाही. माझ्या डोक्याकडे बघ. पिकलेत ना केस? मोज बरं किती काळे राहिलेत." पोरगा रडता रडता म्हणाला, "एकही नाही." "मग झालंच की मोजून. चल."

चौथ्या कमानीशी तो थिजला. पाय उचलेना. मागून मुकादम काही बोलणार तोच मधला रॅक करकरत आडवा झाला आणि शेजारच्यावर टेकला. चावीबाईने पोराच्या मनगटाला असा हिसका दिला की तो कळवळला आणि चालू लागला. लेकीने दारातून हात लांबवून आधी त्याला खेचलं, मग आईला, मग थोरल्याला. मुकादमाचा पाय उंबऱ्यावर पडला आणि फरशी खाली बसली.

धडाका असा काही झाला नाही. आधी मधला भाग वाटीसारखा खोल झाला, मग रॅक एकमेकांना ओढत, पुस्तकांसकट, एकामागून एक आत गेले. खालून पाणी उसळल्याचा आवाज आला. टाक्यात अजून पाणी होतं. धुळीचा लोट दारातून बाहेर आला आणि व्हरांड्यातली सगळी माणसं खोकत अंगणात पळाली.

सगळ्यांची मोजणी झाली. सगळे होते. मुकादम पायरीवर बसला आणि बराच वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून राहिला.

त्या दिवशी दोघी घरी परतल्या. जेवणं झाली, भांडी झाली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "मला ताप आला म्हणून ती बाई गेली?"

"तुझ्या तापाने नाही. मी कुलूप लावलं नाही म्हणून."

"आणि आज तीन माणसं जाणार होती. तू बोलली नाहीस म्हणून आणि मी मधे बघितलं नाही म्हणून." लेक आत येऊन आईसमोर बसली. "मला तुझा राग आला आहे, आई. तो लवकर जाईल असं नाही."

"नको जाऊ दे," चावीबाई म्हणाली. "आहे तोवर असू दे."

चौकशी बसली. लेकीला तीन महिने कामावरून दूर ठेवलं. ती काही लपवायच्या भानगडीत पडली नाही, सहीचा कागद तिने स्वतःच पुढे ठेवला. चावीबाईने आपलं म्हणणं चार पानांत लिहून दिलं. एवढी जुनी गोष्ट आता कशाला उकरता, असं कार्यालयातला साहेब म्हणाला, तेव्हा तिने विचारलं, "तिचं कुणी आहे का, तेवढं शोधता येईल?"

ते काम सरकारने केलं नाही, मुकादमाने केलं. शिंपीणबाईची मुलगी दोन तासांच्या अंतरावर एका शाळेत कारकून होती. वय चाळिशीचं. चावीबाईने तिला पत्र लिहिलं, त्यावर तिचा निरोप आला, आधी जागा बघायची आहे, मग बोलू.

ती आली तेव्हा दालन रिकामं होतं. मलबा उपसला होता, टाकं उघडं होतं आणि भोवती पाइपांचं कुंपण. लेक त्याच आठवड्यात कामावर परतली होती. हे टाकं आता झाकायचं नाही, कठडा बांधून उघडंच ठेवायचं, असं तिने वरच्यांना पटवलं होतं. तिने पाहुणीला कुंपणापर्यंत नेलं आणि ती मागे सरकली.

कारकून बाईने कुंपणावरून वाकून खाली पाहिलं. "आजोबांनी सांगितलं होतं, आई झोपेत गेली," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. रात्री झोपायला घाबरायचे. पण पुढे त्याचाच आधार वाटायला लागला. निदान त्रास तरी झाला नसेल." ती मागे उभ्या चावीबाईकडे वळली. "तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत. एक लिहिलं नाहीत. तिने उडी मारली, की पाय घसरला?"

पाय घसरला, असं म्हणणं किती सोपं होतं. चावीबाईच्या जिभेवर ते शब्द आलेही. समोरचा चेहरा ते ऐकायला आसुसला होता. मागे लेकही श्वास रोखून उभी होती, हे तिला न बघता कळत होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. जे बघितलं ते सांगते. बादली पाण्यात होती. दोरीचा एक वेढा तिच्या मनगटाला होता. दोन दिवस आधी तिने मला विचारलं होतं, घरी जाताना नवं लुगडं मिळेल का. मी म्हटलं होतं, बघू."

कारकून बाईने कुंपणाचा पाइप दोन्ही हातांनी धरला. तिने डोळे पुसले नाहीत, चावीबाईला क्षमाही केली नाही.

"बादली होती," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. मग जरा वेळाने, "तुम्ही जा आता. मला इथे थोडं थांबायचंय."

चावीबाई दाराकडे निघाली. मागे लेकीने कुठूनशी एक खुर्ची ओढून आणली, कुंपणापाशी ठेवली आणि पाहुणी बसल्यावर स्वतः तिच्या शेजारी खाली फरशीवर बसली.